एक रेघ ओढताना

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी आयुष्यभर भूमिती शिकवली. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून रेषेविषयीच बोलावं असं मला वाटलं. ही रेषा वहीतली किंवा फळ्यावरची नाही. संगणकासमोर बसून माऊसचं बटण दाबलं, हात सरकवला, बटण सोडलं की पडद्यावर जी रेघ उमटते, ती. तासभर मी त्या एका रेघेविषयीच बोलणार आहे.

आपल्याकडे शाळेत संगणकाचा तास सुरू झाला की मुलं बहुधा पहिल्यांदा पेंट उघडतात. दोन डोंगर, मधून वर येणारा सूर्य, एक घर, शेजारी झाड. कीबोर्डवर अक्षरं कुठे आहेत हे सापडण्याआधीच मुलाला कळतं, की आपला हात हलला की समोर काहीतरी उमटतं. हीच मुलं पुढे पदवीच्या वर्गात येतात आणि तसाच छोटासा प्रोग्राम स्वतः लिहायला बसतात. एक रिकामी विंडो, तीत माऊसने रेघा ओढता आल्या पाहिजेत, बस. तीस-चाळीस ओळींत काम होतं. पहिली रेघ उमटते, वर्गात आनंद होतो. मग दहा मिनिटांत तक्रारी सुरू होतात. भरभर हात फिरवला तर रेघ तुटते. विंडोबाहेर जाऊन परत आलं तर बटण दाबलेलं नसतानाही रेघ उमटत राहते. विंडो खाली घेतली आणि पुन्हा वर आणली तर चित्र पुसलेलं असतं.

या तक्रारींना मी किरकोळ चुका मानत नाही. त्या तिन्हींच्या मुळाशी एकच समज आहे, की पडद्यावर दिसतं तेच चित्र. माझं आजचं म्हणणं असं, की पडद्यावर दिसतो तो चित्राचा तेवढ्या क्षणापुरता दाखला असतो. प्रोग्रामने हाताविषयी जे ऐकलं आणि जे लक्षात ठेवलं, ते खरं चित्र. ते नीट ऐकणं आणि नीट लक्षात ठेवणं हे या छोट्या प्रोग्रामचं सगळं काम आहे.

हे म्हणणं मुळात माझं नव्हे. या विषयातल्या पहिल्या मोठ्या कामातच ते आलेलं आहे. आयव्हन सदरलंड हे एमआयटीत पीएच.डी. करत होते. लिंकन लॅबोरेटरीत टीएक्स-२ नावाचा संगणक होता, त्यावर त्यांनी ‘स्केचपॅड’ हा प्रोग्राम लिहिला. प्रबंध १९६३ सालचा. वयाची पंचविशीही त्यांनी तेव्हा ओलांडलेली नव्हती. माऊस तेव्हा नव्हता. पडद्याला टेकवायचा लाइट पेन होता आणि डाव्या हाताशी बटणं होती. पेन पडद्यावर ठेवून बटण दाबलं की तिथून रेघ सुरू व्हायची आणि पेन जाईल तशी ताणली जायची. रेघ संपवायची कशी, याचं त्यांचं उत्तर फार सुंदर आहे. पेनला झटका द्यायचा. पेनामागोमाग पडद्यावर एक फुली सरकत असे. झटका इतका जलद की फुलीला पेन सापडेनासा व्हायचा, आणि पेन हरवला याचा अर्थ रेघ संपली असा प्रोग्राम घ्यायचा.

पण स्केचपॅडचं मोठेपण त्याहून खोल आहे. त्या प्रोग्रामने रेघ म्हणून उजळलेले ठिपके साठवले नाहीत. या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत एक रेघ आहे, ती त्या दुसऱ्या रेघेला समांतर राहिली पाहिजे, या दोघींची लांबी सारखी असली पाहिजे, असे संबंध त्याने साठवले. एक आकृती मूळ म्हणून ठेवून तिच्या अनेक प्रती चित्रात मांडता येत होत्या, आणि मूळ बदललं की सगळ्या प्रती बदलत. कागदावरच्या रेघेला शेजारच्या रेघेची काही खबर नसते. सदरलंड यांच्या रेघेला होती. यासाठी आणि पुढच्या कामासाठी त्यांना १९८८ साली ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आपल्या अभ्यासक्रमांत मात्र त्यांचं नाव एका ओळीत येतं आणि जातं, याचं मला वाईट वाटतं.

माऊस आला तो दुसऱ्या बाजूने. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगलबार्ट यांना माणसाची विचार करण्याची ताकद संगणकाच्या मदतीने वाढवायची होती. चित्रकला हा त्यांचा विषय नव्हता. पडद्यावरचा शब्द चटकन दाखवायला काहीतरी हवं होतं. त्यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ साली लाकडी ठोकळ्याचा पहिला नमुना तयार केला. त्याच्या पोटाशी एकमेकांना काटकोनात बसवलेली दोन चाकं होती. एक आडवी हालचाल मोजायचं, दुसरं उभी. लाइट पेन, जॉयस्टिक, इतकंच काय गुडघ्याने हलवायचा दांडा, या सगळ्यांशी त्यांनी माऊसची तुलना करून पाहिली. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत जे जाहीर प्रात्यक्षिक झालं त्यात जगाने माऊस पाहिला. त्याचं पेटंट १९७० सालचं आहे.

लाइट पेन आणि माऊस यांत एक मूलभूत फरक आहे, आणि तो समजल्याशिवाय पुढचं काही समजणार नाही. पेन पडद्यावर कुठे आहे हे सांगतो. माऊस कुठे आहे हे माऊसला ठाऊकच नसतं. तो एवढंच सांगतो, की मघापेक्षा इतका उजवीकडे आणि इतका पुढे सरकलो. तो उचलून दुसरीकडे ठेवला तर त्याच्या हिशेबी काहीच घडलेलं नसतं. त्या दोन चाकांच्या जागी पुढे रबरी गोळी आली, मग प्रकाशावर चालणारा माऊस आला, जो टेबलाचे सेकंदाला हजाराहून अधिक फोटो घेऊन एकमेकांशी ताडून पाहतो. तरी सांगणं तेच: मघापेक्षा इतका सरकलो. या सरकण्यांची बेरीज करून पडद्यावरचा बाण कुठे न्यायचा ते ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते. हात जोरात हलला तर ती बाण जास्त लांब पळवते, हळू हलला तर कमी. म्हणजे आपल्या प्रोग्रामपर्यंत बातमी पोचते तेव्हाच तिच्यावर एक संस्कार झालेला असतो.

बातम्या तीन प्रकारच्या. बटण दाबलं. दाबलेल्या अवस्थेत बाण सरकला. बटण सोडलं. जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत या तिघांना माऊस-प्रेस्ड, माऊस-ड्रॅग्ड, माऊस-रिलीज्ड म्हणतात. पायथॉन भाषेतल्या टीके-इंटर या विंडो बनवायच्या संचात नावं वेगळी, विंडोजमध्ये आणखी वेगळी, पण तीन बातम्या त्याच. प्रत्येक बातमीसोबत दोन आकडे येतात, आडवा आणि उभा. शून्य डाव्या वरच्या कोपऱ्यात असतं आणि उभा आकडा खाली जाताना वाढतो. शाळेतल्या आलेखाच्या हे उलट आहे. पडद्यावर चित्र वरच्या ओळीपासून खाली रंगवत येत, त्याची ही सवय अजून टिकली आहे.

आता पहिली तक्रार घेऊ. रेघ तुटते का? विद्यार्थी बहुधा असं लिहितो, की सरकल्याची बातमी आली की त्या जागी ठिपका काढ. हळू हात फिरवला तर ठिपके चिकटून येतात आणि रेघ दिसते. पण हात सलग वाहतो आणि बातम्या तुकड्यांनी येतात. साधा यूएसबी माऊस सेकंदाला साधारण १२५ वेळा विचारला जातो. समजा, मुलाने अर्ध्या सेकंदात हजार पिक्सेल ओलांडले. सेकंदाला दोन हजार पिक्सेल झाले, म्हणजे दोन बातम्यांत सोळा पिक्सेलचं अंतर. तिथे रेघ नाही, विरळ ठिपक्यांची रांग आहे. गाडी कर्जतहून सुटली आणि लोणावळ्याला पोचली एवढंच नोंदवहीत येतं. मधला घाट तिने कसा चढला ते नोंदीत नसतं. तसंच हे आहे.

उपाय सोपा: मागची जागा लक्षात ठेवायची आणि नवी जागा आली की दोन्ही जोडायच्या. या ‘मागची जागा’मध्ये प्रोग्रामची पहिली आठवण जन्माला येते. आणि जोडायच्या म्हणजे काय, हेही एकदा जवळून पाहण्यासारखं आहे, कारण पडद्यावर चौकोनी पिक्सेल असतात, तिरकी रेषा नसते. समजा, मागची जागा (१०, १०) आणि नवी (१६, १२). सहा घरं उजवीकडे, दोन घरं खाली. मधली कोणती घरं काळी करायची? आयबीएममधल्या जॅक ब्रेझनहॅम यांनी १९६२ साली प्लॉटरसाठी, म्हणजे कागदावर रेघा काढणाऱ्या यंत्रासाठी, याची रीत शोधली, ती १९६५ मध्ये छापून आली. एकेक घर उजवीकडे जायचं आणि खऱ्या रेषेपासून आपण किती ढळलो त्याचा हिशेब सोबत ठेवायचा. ढळणं अर्ध्या घरापलीकडे गेलं की एक घर खाली उतरायचं. आपल्या उदाहरणात दहाव्या ओळीत दोन घरं काळी होतात, अकराव्या ओळीत तीन, बाराव्या ओळीत दोन. भागाकार नाही, दशांश नाही. पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी आणि एक तुलना. आज हे काम तयार मिळतं, कुणाला लिहावं लागत नाही. तरीही प्रत्येक विद्यार्थ्याने ते चौकड्यांच्या कागदावर पेन्सिलने एकदा करावं. फार तर दहा मिनिटं लागतात.

ठिपके जोडले तरी कधीकधी वर्तुळाच्या जागी बहुकोन दिसतो. इथे दोष बहुतेक वेळा प्रोग्रामच्या संथपणाचा असतो. बटण दाबल्याची किंवा सोडल्याची बातमी ऑपरेटिंग सिस्टिम रांगेत जपून ठेवते. सरकल्याच्या बातम्यांना ती तशी किंमत देत नाही. विंडोजमध्ये प्रोग्रामने विचारलं, ‘काय नवीन?’ की त्या क्षणी बाण जिथे असेल ती एक जागा सांगितली जाते; मधल्या जागा गाळल्या जातात. जावाही साठलेल्या सरकण्यांची एक करून देतो. त्यामुळे ‘सरकला’ या बातमीच्या उत्तरात कुणी फाइल लिहायला बसलं, किंवा दर वेळी सगळं चित्र पहिल्यापासून काढायला लागलं, तर तेवढ्या वेळात हात कुठे कुठे जाऊन आला ते कळायला मार्ग राहत नाही. गाळलेल्या जागा मागाहून मागण्याची सोय विंडोजमध्ये आहे, पण तीही शेवटच्या ६४ जागांपुरती. बातमी आली की नोंद करायची आणि लगेच मोकळं व्हायचं, हा नियम म्हणून पाळला पाहिजे. वहीत टिपून घ्या, वाचून दाखवायचं नंतर बघू.

दुसरी तक्रार, बटण न दाबता उमटणारी रेघ. प्रोग्राम ‘ओढणं सुरू आहे’ अशी एक खूण ठेवतो. दाबलं की खूण लावायची, सोडलं की काढायची. मुलाचा हात ओढता ओढता विंडोबाहेर जातो, तिथे तो बटण सोडतो. ‘सोडलं’ ही बातमी कुणाला मिळणार? ती आपल्या प्रोग्रामला मिळाली नाही, तर खूण लागलेलीच राहते आणि हात परत आत आला की रेघ सुरू. जावाच्या स्विंग या तशाच संचात आणि टीके-इंटरमध्ये ही काळजी आधीच घेतलेली असते; जिथे दाबलं, त्यालाच सोडल्याची बातमी जाते, बाण कुठेही असो. विंडोजमध्ये थेट काम करताना मात्र माऊस आपल्या ताब्यात मागून घ्यावा लागतो. मागून घेतला तरी तो मध्येच काढून घेतला जाऊ शकतो. एखादी सूचना-चौकट अचानक पुढे येते, कुणी दुसऱ्या प्रोग्रामवर उडी मारतं. म्हणून शहाणा प्रोग्राम स्वतःच्या खुणेवर एकट्या विसंबत नाही. सरकल्याच्या प्रत्येक बातमीसोबत बटण आत्ता दाबलेलं आहे का, हेही सांगितलेलं असतं. ते वाचायचं, आणि दाबलेलं नसेल तर रेघ तिथेच संपवायची. जगाविषयी आपण केलेली नोंद आणि प्रत्यक्ष जग यांत फरक पडू शकतो, हे अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला समजावायला याहून चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही.

तिसऱ्या तक्रारीत आपण मुळाशी येतो. चित्र पुसलं गेलं. विद्यार्थ्याने रेघ थेट पडद्यावर काढली होती. पूर्वी दुसरी विंडो वरून सरकली तरी तेवढा भाग कोरा व्हायचा, आणि चूक पाच मिनिटांत उघडी पडायची. आता विंडोजच्या व्हिस्टा या आवृत्तीपासून प्रत्येक विंडोच्या चित्राची वेगळी प्रत सिस्टिम स्वतः सांभाळते. त्यामुळे विंडो झाकली तरी चित्र टिकतं, आणि विद्यार्थ्याला वाटतं सगळं ठीक आहे. विंडोचा आकार बदलला किंवा ती खाली घेऊन वर आणली, की ऑपरेटिंग सिस्टिम प्रोग्रामला म्हणते, तुझी विंडो पुन्हा रंगव. आणि प्रोग्रामपाशी रंगवायला काही नसतं. त्याने काहीच लक्षात ठेवलेलं नव्हतं.

म्हणून उलटा क्रम शिकवावा लागतो. बातमी आली की काढायचं नाही, नोंदवायचं. नोंदवलं की सिस्टिमला सांगायचं, माझा हा भाग शिळा झाला. मग ती सवडीने, साधारण पडद्याच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला साठेक वेळा, म्हणेल ‘रंगव’; तेव्हा नोंदीतून रंगवायचं. मुलांना हा द्राविडी प्राणायाम वाटतो. पण एकदा नोंद आणि दाखवणं वेगळं झालं की चित्र दोन विंडोंत दाखवता येतं, छापता येतं, मोठं करून पाहता येतं. झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात असताना नॉर्वेचे ट्रिग्वे रेन्सकाउग यांनी १९७९ मध्ये नोंद, दर्शन आणि हाताचं ऐकणं या तीन कामांची जी विभागणी मांडली, ती आजही हजारो प्रोग्रामांचा पाया आहे. मोठमोठ्या व्यावसायिक प्रणालींची उदाहरणं देऊन ती शिकवली जाते तेव्हा मुलं पाठ करतात. या रेघेच्या प्रोग्राममध्ये तिची गरज त्यांना स्वतःला भासते.

लक्षात ठेवायचं, पण काय? इथे दोन घराणी आहेत. सदरलंड यांचं घराणं रेघा लक्षात ठेवतं. दुसरं घराणं ठिपके लक्षात ठेवतं, आणि त्याचं सर्वांत देखणं काम म्हणजे बिल अ‍ॅटकिन्सन यांचं मॅकपेंट. जानेवारी १९८४ मध्ये पहिल्या मॅकिन्टॉशसोबत ते आलं. त्या यंत्राची सगळी मेमरी १२८ किलोबाइट. पडदा ५१२ बाय ३४२ पिक्सेलचा, काळा-पांढरा; एका पिक्सेलला एक बिट धरला तर नुसत्या पडद्यालाच २१,८८८ बाइट लागत. उरलेल्यात सिस्टिम, प्रोग्राम आणि चित्र. चित्राचा कागद ५७६ बाय ७२० पिक्सेलचा, आणि विंडोत त्यातला ४१६ बाय २४० एवढाच भाग दिसायचा.

अ‍ॅटकिन्सन यांनी विंडोच्या मापाच्या दोन प्रती पडद्याआड ठेवल्या. एकीत चित्र आत्ता जसं आहे तसं, दुसरीत शेवटच्या कृतीआधी जसं होतं तसं. हिशेब केला तर एक प्रत १२,४८० बाइटची. मॅकपेंटमध्ये ‘अनडू’ म्हणजे दुसरी प्रत परत आणणं; एकच पाऊल मागे जाता यायचं. पण त्या एका पावलाने माणसाच्या हाताला किती धीर दिला! चुकलं तर परत येता येतं हे कळलं की हात मोकळा फिरतो. शिवाय पडद्याआडच्या प्रतीवर सगळं जुळवून मग एकदम पडद्यावर आणल्यामुळे चित्र लुकलुकत नसे. हे सगळं पॅस्कलच्या सुमारे ५,८०० आणि असेंब्लीच्या सुमारे ३,६०० ओळींत बसवलेलं आहे. अमेरिकेतल्या कम्प्युटर हिस्टरी म्युझियमने २०१० मध्ये त्या ओळी सर्वांसाठी खुल्या केल्या. अ‍ॅटकिन्सन जून २०२५ मध्ये गेले. प्रोग्रामिंग शिकणाऱ्याने चांगलं गद्य वाचावं तशा त्या ओळी वाचाव्यात.

विंडोत कागदाचा भागच दिसतो म्हटल्यावर आणखी एक पथ्य येतं. माऊस सांगतो तो पत्ता विंडोतला असतो. नोंदवायचा पत्ता कागदावरचा. कागद २०० पिक्सेल वर सरकवलेला असेल आणि बाण विंडोत (१००, ५०) वर असेल, तर कागदावरची जागा (१००, २५०). चित्र दुप्पट मोठं करून पाहत असू तर आधी दोनाने भागायचं, मग सरकवलेलं मिळवायचं. हे रूपांतर बातमी येताक्षणी, एकाच जागी करावं. प्रोग्रामभर विखुरलं की रेघ बाणापासून लांब उमटू लागते, आणि चूक शोधण्यात आठवडा जातो.

दोन्ही घराण्यांचा आजचा हिशेब मांडू. १९२० बाय १०८० पिक्सेलचं रंगीत चित्र, पिक्सेलला चार बाइट, म्हणजे एक प्रत ८२,९४,४०० बाइटची. शंभर पावलं मागे जायचं म्हणून शंभर प्रती ठेवल्या तर ८० कोटी बाइटच्या वर जातात. उलट दोनशे बिंदूंची एक रेघ, बिंदूला आठ बाइट धरले तरी १,६०० बाइटची. रेघांची यादी ठेवली तर अनडू म्हणजे यादीतली शेवटची रेघ काढून टाकणं आणि उरलेल्या पुन्हा काढणं. पुन्हा हवी तर परत यादीत. फाइलमध्ये साठवणंही सोपं. म्हणून शिकणाऱ्याने यादीपासूनच सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे.

यादीच्या अडचणी आहेतच. खोडरबर घ्या. ठिपक्यांच्या घराण्यात खोडणं म्हणजे पांढरा रंग फासणं, संपलं. यादीच्या घराण्यात प्रश्न पडतो: मुलाने रेघेचा मधला भाग खोडला, तर एका रेघेच्या दोन करायच्या, की पांढरी रेघ वरून काढून भागवायचं? आणि कोणती रेघ खोडली हे ओळखायला बिंदूपासून रेषाखंडाचं अंतर काढावं लागतं. सरांनी फळ्यावर टाकलेला लंब इथे कामाला येतो. रेघा हजारोंनी झाल्या की दर वेळी सगळ्या पुन्हा काढणं जड जातं. मग जुन्या रेघा पडद्याआडच्या प्रतीवर एकदा काढून ठेवायच्या आणि चालू रेघ तेवढी वरून. म्हणजे शेवटी दोन्ही घराणी एका छताखाली येतात. टीके-इंटरचा कॅनव्हास रेघांची यादी स्वतःच सांभाळतो. तिथे दर तुकड्याला नवी रेघ न काढता एकाच रेघेचे बिंदू वाढवत नेले तर काम हलकं राहतं.

सरळ रेषेच्या साधनाची गोष्ट थोडी निराळी. तिथे बटण दाबलं ते एक टोक पक्कं, दुसरं टोक हाताबरोबर फिरतं, सोडल्यावर ठरतं. तोपर्यंत दिसणारी रेष कच्ची असते, आणि ती चित्रात मिसळता कामा नये. जुन्या काळी यासाठी एक खुबी वापरत: पांढऱ्यावर काळं आणि काळ्यावर पांढरं करत रेष काढायची, तीच रेष पुन्हा तशीच काढली की खालचं चित्र जसंच्या तसं परत येतं. दोनदा केलं की शून्य. मेमरी महाग होती तेव्हा ही खुबी अमोल होती. रंगीत चित्रावर मात्र अशी रेष कुठे हिरवी, कुठे जांभळी दिसते. आज पडद्याआडची प्रत परवडते, तेव्हा पक्कं चित्र तिच्यात ठेवावं आणि कच्ची रेष दर वेळी वरून काढावी.

आता एक वादाचा मुद्दा. हात थरथरतो, माऊसने काढलेली रेघ खडबडीत दिसते. ती गुळगुळीत करावी का? साधनं उत्तम आहेत. लागोपाठच्या बिंदूंचे मध्य घेऊन ते वक्ररेषेने जोडले आणि मूळ बिंदूंना ती वक्ररेषा आपल्याकडे ओढू दिली, तर कोपरे छान वळतात. कॅटमल आणि रॉम यांनी १९७४ मध्ये मांडलेली रीत वक्ररेषा थेट मूळ बिंदूंमधून नेते. डग्लस आणि प्यूकर यांची १९७३ ची रीत नकाशातल्या रेषांसाठी होती. ती अनावश्यक बिंदू गाळते. हे सगळं वापरावं, पण दाखवताना. नोंद मूळ बिंदूंचीच राहिली पाहिजे. आजकाल पुष्कळ साधनं मुलाने काढलेला वाकडा गोल आपणहून गरगरीत करून टाकतात. पाच वर्षांच्या मुलीने काढलेलं वाकडं वर्तुळ तिच्या हाताचं असतं. ते तिने मागितल्याशिवाय सुधारण्याचा अधिकार प्रोग्रामला नाही, आणि सुधारलंच तर मूळ वर्तुळ परत मिळण्याची वाट उघडी हवी.

आपल्या लिपीशी याचा थेट संबंध आहे. संगणकावर आपण मराठी वाचतो ते अक्षर कडेच्या वक्ररेषा म्हणून साठवलेलं असतं, म्हणून लहान-मोठं करता येतं. र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ हा फॉन्ट वर्षानुवर्षं लाखो लोकांच्या पडद्यावर मराठी दाखवत आला. जोशी स्वतः कसलेले सुलेखनकार. बोरूच्या आणि कुंचल्याच्या फटकाऱ्याची जाण असलेला माणूस. पण फॉन्टमध्ये उरते ती अक्षराची कड. हात कुठून निघाला, कुठे वळला, कुठे उचलला, हे कडेवरून सांगता येत नाही. रेघांच्या यादीतून ते सांगता येतं.

प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांना मी याच कारणासाठी आज मुद्दाम बोलावलं आहे. मूल ‘अ’ गिरवतं तेव्हा तयार अक्षर पाहून त्याचं वळण बरोबर झालं की नाही एवढंच कळतं. आधी काना ओढला का, शिरोरेघ सगळ्यात शेवटी दिली का, मध्येच हात किती वेळ थांबला, हे कळत नाही, आणि एका वर्गात चाळीस मुलं असताना प्रत्येकाच्या पाटीपाशी उभं राहता येत नाही. मघाचा तीस-चाळीस ओळींचा प्रोग्राम हे दाखवू शकतो. प्रत्येक बिंदूपाशी दोन आकड्यांसोबत तिसरा आकडा ठेवायचा, रेघ सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले त्याचा. मग साठवलेली फाइल पुन्हा चालवली की अक्षर ज्या क्रमाने आणि ज्या वेगाने लिहिलं गेलं तसंच डोळ्यांसमोर लिहिलं जातं. माऊसने लहान मुलाला अक्षर काढणं अवघड जाईल. स्वस्तातला पेन-टॅब्लेट जोडला तर प्रोग्रामला येणाऱ्या बातम्या त्याच तीन असतात, ओळ बदलावी लागत नाही. पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हे काम एका दुपारचं आहे. महाविद्यालयाच्या प्राध्यापकांनी ते प्रकल्प म्हणून द्यावं, आणि जवळच्या शाळेच्या शिक्षकांनी ते हक्काने मागून घ्यावं.